सर गिल्बर्ट वॉकर : आपल्या पावसाचे मूळ शोधणारा पुरुष

मृग नक्षत्र निघण्याचा समय जवळ आला म्हणजे देशावरील प्रत्येक खेड्यात सर्वांची दृष्टी आभाळाकडे लागते. कावळ्याने यंदा घरटे कोणत्या झाडावर बांधले, पंचांगात मृगाचे वाहन कोणते सांगितले आहे, रोहिणीत किती सरी पडल्या, ह्यांची चर्चा पारावर होते. पाऊस वेळेवर आला म्हणजे ही चर्चा विसरली जाते. परंतु तो लांबला, पेरलेले बी जमिनीत करपू लागले, म्हणजे चर्चेचा रोख पालटतो व दोषी मनुष्याचा शोध सुरू होतो. कोणी म्हणतो, गावदेवीची जत्रा नीट झाली नाही. कोणी म्हणतो, अमक्या घराण्याने कुळाचे देव सोडले म्हणून हा कोप झाला. ख्रिस्ती कुटुंबांस असले बोल कसे लागतात हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. उलटपक्षी आमच्यातीलही एखादा उपदेशक, ह्या गावाने सुवार्ता नाकारली म्हणून देवाने पाऊस आवरला, असे बेधडक सांगून जातो. ही दोन्ही बोलणी एकाच मुशीतून निघालेली आहेत. पाऊस येतो तो का येतो आणि चुकतो तो का चुकतो, ह्या शोधात ज्याने हिंदुस्थानात आपल्या आयुष्याची सुमारे वीस वर्षे वेचली, त्या एका पुरुषाचे चरित्र म्हणूनच आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

पुणे शहरात शिवाजीनगर भागी सरकारी वेधशाळेची जुनी भव्य इमारत आहे. तिला पुणेकर सिमला ऑफिस म्हणतात, आणि तेथील चौकासही तेच नाव पडले आहे. पुण्यात सिमला कोठून आला, असा प्रश्न नवख्या मनुष्यास पडतो. त्याचे उत्तर असे की, हिंदुस्थानच्या हवामानखात्याची मुख्य कचेरी पूर्वी हिमालयातील सिमला येथे होती. ती १९२८ साली पुण्यास आणण्यात आली व येताना आपले जुने नावही घेऊन आली. खात्याचे मुख्य ठाणे १९४४ साली दिल्लीस गेले, तरी हवामानाचे पुष्कळ महत्त्वाचे काम पुण्यासच राहिले. ह्या कचेरीने जी विद्या सिमल्याहून पुण्यास आणली, तिचा मोठा भाग ज्यांनी सिद्ध केला ते सर गिल्बर्ट टॉमस वॉकर होत.

वॉकरसाहेबांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात रॉचडेल ह्या गावी झाला. त्यांचे वडील इंजिनियर होते. मुलाचा ओढा लहानपणापासून गणिताकडे व फिरणाऱ्या यंत्रांकडे होता. लंडन येथील सेंट पॉल शाळेत असता वेगाने फिरणारा भोवरा आपला तोल कसा राखतो हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतःच्या हातांनी यंत्र तयार केले होते. पुढे ते केंब्रिज विद्यापीठातील ट्रिनिटी कॉलेजात गेले आणि १८८९ साली गणिताच्या परीक्षेत सर्वांत वर येऊन सीनियर रँग्लर झाले. हा मान केवढा मोठा, हे पुणेकरांस निराळे सांगावयास नको. दहा वर्षांनी, १८९९ साली, हाच मान कोकणातील मुर्डी गावच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ह्यांस मिळाला, आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपल झालेल्या त्या गृहस्थांस महाराष्ट्र अद्याप रँग्लर परांजपे ह्याच नावाने ओळखतो.

अतिशय अभ्यासाने वॉकर ह्यांची प्रकृती खालावली व त्यांस काही हिवाळे स्वित्झर्लंडच्या डोंगरी हवेत काढावे लागले. बरे झाल्यावर ते आपल्याच कॉलेजात गणित शिकवू लागले. ऑस्ट्रेलियातील आदिवासी लोकांचे बूमरँग नावाचे एक वाकडे लाकडी हत्यार असते. ते नीट फेकले असता हवेत वळसा घेऊन फेकणाऱ्याकडे परत येते. हे हत्यार फेकण्याचा वॉकर ह्यांस मोठा नाद होता. केंब्रिजच्या नदीकाठी ते फेकीत, आणि परत का येते ह्याचे गणित मांडीत. मुलांचे खेळणे म्हणून दुसऱ्याने जे सोडून दिले असते, त्यातही ते नियम शोधीत. ईश्वराने सृष्टीत घातलेला नियम क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूतही सापडतो, असे ज्यास वाटते त्यास सृष्टीचे पुस्तक वाचता येते.

आता हा गणिती मनुष्य हिंदुस्थानच्या पावसाकडे कसा वळला ते सांगतो. आपल्या देशात हवामानखाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे पहिले मुख्य हेन्री ब्लॅनफर्ड ह्यांनी हिमालयावरील बर्फ व पुढील पाऊस ह्यांचा संबंध पाहिला, आणि १८८६ सालापासून मोसमी पावसाचे अंदाज प्रसिद्ध होऊ लागले. त्यांच्यामागून सर जॉन इलियट आले. १८९९ साली पाऊस चांगला होईल असा त्यांच्या खात्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्या वर्षी पावसाने असा दगा दिला की गुजराथ, राजपुताना, मध्यप्रांत व दख्खन ह्या भागांवर भयंकर दुष्काळ कोसळला. जनावरे मेली, माणसे अन्नासाठी घरे सोडून निघाली, आणि अनाथ लेकरे रस्त्यावर आली. त्या समयी पंडिता रमाबाई ह्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात गुजराथेतील शेकडो मुलींस आश्रय दिला, हे आमच्या मंडळ्यांस पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. कित्येक मिशनांच्या अनाथाश्रमांचा विस्तारही त्याच वर्षांतला आहे. आमच्यापैकी अनेक ख्रिस्ती कुटुंबांच्या इतिहासाचे पहिले पान त्या दुष्काळाने लिहिले आहे.

इलियटसाहेब निवृत्त होऊ लागले तेव्हा त्यांनी आपल्या जागी हवामानाच्या जाणत्यास न आणता गणित जाणणाऱ्या मनुष्याची निवड केली. वॉकर ह्यांस तोपर्यंत हवामानशास्त्राचा काहीच अनुभव नव्हता. १९०३ साली त्यांची नेमणूक झाली, आणि १९०४ च्या आरंभी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी हिंदुस्थानच्या वेधशाळांची सूत्रे हाती घेतली. त्याच साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस आपले सभासद करून घेतले. त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता. कोट्यवधी लोकांचे अन्न ज्या पावसावर आहे, तो चुकणार असेल तर त्याची चाहूल आगाऊ लागू शकेल काय?

त्यांच्या कामाचे मर्म ध्यानी यावे म्हणून येथे थोडे थांबून पावसाची मूळ व्यवस्था पाहू. आपल्या पृथ्वीवर वारा, पाऊस, समुद्राचे प्रवाह, ऋतूंचे फिरणे, हे जे काही चालते त्या सर्वांस चालविणारी शक्ती सूर्यापासून येते. वातावरणाच्या माथ्यावर सूर्यासमोर एक चौरस मीटर जागा धरली तर तीवर सुमारे १३६० वॅट इतकी उष्णता सतत पडते. पृथ्वीवर येणाऱ्या ह्या प्रकाशाचा सुमारे तीन दशांश भाग ढग, बर्फ व भूमी ह्यांवरून परत फिरतो, आणि उरलेला हवा, जमीन व समुद्र शोषून घेतात. पृथ्वी वाटोळी असल्यामुळे ही देणगी सर्वत्र सारखी पोहोचत नाही. विषुववृत्तापाशी किरण जवळजवळ उभे पडतात, ध्रुवाकडे ते तिरपे पडतात. जेथे उष्णता अधिक तेथील हवा हलकी होऊन वर चढते, आणि तिची जागा घेण्यास दुसरीकडची हवा धावते. हाच वारा. वारा समुद्राचे पाणी लोटतो, पृथ्वीच्या फिरण्याने त्यास वळण मिळते, आणि उबेच्या व गारव्याच्या नद्याच समुद्रात वाहू लागतात. अशा रीतीने सूर्याची उष्णता उष्ण प्रदेशातून थंड प्रदेशाकडे वाटली जाते.

आपला मोसमी पाऊस ह्याच व्यवस्थेचे अपत्य आहे. चैत्र-वैशाखात हिंदुस्थानची भूमी तापते, समुद्र मात्र तितका तापत नाही. चुलीवरील तवा व शेजारची पाण्याची घागर ह्यांत जे अंतर तेच येथे समजावे. तापलेल्या भूमीवर वायुभार कमी होतो, आणि दक्षिण हिंदी महासागरातून निघालेले वारे आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रावरून आपल्याकडे वळतात. वाटेत ते वाफ उचलतात. बर्फागत थंड पाणी उकळीस आणण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास लागते, हे चुलीपाशी बसणाऱ्या प्रत्येक बाईस पाणी आटविताना लागणाऱ्या सरपणावरून कळते. सूर्याने समुद्रावर खर्चिलेली ही सर्व उष्णता वाफेत लपून राहते, आणि ढग होताना पुन्हा बाहेर पडून हवेस आणखी वर रेटते. हे वारे साधारणतः १ जूनच्या सुमारास केरळास व १० जूनच्या सुमारास पुण्यास पोहोचतात. सह्याद्रीस अडून ते महाबळेश्वरी वर्षास ५०० सेंटिमीटरांहून अधिक पाऊस टाकतात. पुण्यास मात्र ७० च्या आसपासच उरतो, आणि पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांस त्याहून कमी. देशाच्या एकंदर पावसापैकी सुमारे तीन चतुर्थांश ह्या चार महिन्यांतच पडतो.

परंतु सूर्य तर दरवर्षी सारखाच तापतो. मग एके वर्षी नद्यांस पूर आणि दुसऱ्या वर्षी विहिरी कोरड्या, असे का व्हावे? वॉकर ह्यांनी जाणले की, ह्याचे उत्तर केवळ हिंदुस्थानाकडे पाहून मिळणार नाही. त्यांनी जगभरच्या वेधशाळांतून वर्षानुवर्षांच्या नोंदी मागविल्या. दक्षिण अमेरिकेतील वायुभार, मॉरिशस बेटावरील वायुभार, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांझिबारचा पाऊस, मिसरातील नाईल नदीचा पूर, हिमालयावरील बर्फ, असे आकड्यांचे ढीग सिमल्याच्या कचेरीत जमले. आकडेमोड करणारी यंत्रे तेव्हा नव्हतीच म्हटले तरी चालेल. हिंदी कारकुनांनी ही प्रचंड बेरीज-वजाबाकी व गुणाकार हातांनी केले. त्यांची नावे ग्रंथांतून ठळकपणे दिसत नाहीत, तरी त्या कामात त्यांचा घाम मुरलेला आहे.

त्यांची रीत अशी होती. एका वाडीत दोन विहिरी आहेत, व एकीचे पाणी चढले की दुसरीचेही चढते असे पुष्कळ वर्षे दिसले, तर खाली त्यांचा झरा एक असावा असा आपण तर्क करितो. त्याचप्रमाणे दूरच्या कोणत्या ठिकाणची कोणती गोष्ट आपल्या पावसाबरोबर चढते वा उतरते हे त्यांनी आकड्यांनी मोजले. परंतु ह्यात एक मोठा धोका आहे, आणि तो वॉकर ह्यांनी ओळखला हे त्यांचे थोरपण. शंभर गोष्टींशी पाऊस ताडून पाहिला तर दोन-चार गोष्टी केवळ योगायोगानेही जुळतात. कावळ्याच्या घरट्याचे हेच आहे. ज्या वर्षी जुळले ते वर्ष लोक नातवांस सांगतात, ज्या वर्षी चुकले ते विसरतात. वॉकर ह्यांनी १९१४ साली नियमच घालून दिला की, जितक्या अधिक गोष्टी तपासाल तितकी जुळणीची कसोटी अधिक कडक लावावी. सूर्यावरील डाग वाढले-घटले म्हणजे पाऊस वाढतो-घटतो असे त्या काळी पुष्कळांस वाटे. वॉकर ह्यांनी तेही तपासले व संबंध अगदी दुबळा असल्याचे दाखविले. रानतोडीने वा कालव्यांनी देशाचा पाऊस कायमचा बदलला, ह्या समजुतीसही आकड्यांत आधार नाही, असा निर्वाळा त्यांनी १९१० साली दिला. सोयीचे म्हणून काही खरे मानावयाचे नाही, ही त्यांची शिस्त होती.

ह्या परिश्रमांतून १९०९ च्या सुमारास मोसमी पावसाचा अंदाज गणिताच्या सूत्राने करण्याची पद्धत खात्यात रूढ झाली. परंतु ज्या शोधाने त्यांचे नाव अजरामर झाले तो त्यांच्या हिंदुस्थानातील सेवेच्या अखेरीस, १९२३ व १९२४ साली, प्रसिद्ध झाला. पॅसिफिक महासागरावर वायुभार वाढला म्हणजे आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या हिंदी महासागराच्या पट्ट्यात तो उतरतो. इकडे वाढला म्हणजे तिकडे उतरतो. जणू तराजूची दोन पारडी हजारो कोस दूर ठेवलेली असून काही वर्षांनी ती वरखाली होतात. ह्या हालचालीस त्यांनी दक्षिणी दोलन असे नाव दिले. आमच्या तालुक्याच्या पावसाचा धागा दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेलेला आहे, ही गोष्ट त्यापूर्वी कोणास इतक्या स्पष्टपणे दिसली नव्हती.

कचेरीबाहेरही त्यांची दृष्टी स्वस्थ बसत नसे. घारी व गिधाडे पंख न हालविता तासन् तास आकाशात कशी तरंगतात हे ते निरखीत. तापलेल्या भूमीवरून उठणाऱ्या हवेच्या लोटावर पक्षी स्वार होतात, हे त्यांनी लेखांतून मांडले. बासरी वाजविण्याचा व तिची रचना सुधारण्याचा त्यांस छंद होता. १९२४ साली ते येथून निवृत्त झाले व त्याच वर्षी त्यांस सर हा किताब मिळाला. पुढे १९३४ पर्यंत त्यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हवामानशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले.

चार वर्षांनी त्यांची जुनी कचेरी पुण्यास आली. तेथे सर चार्ल्स नॉर्मंड हे मुख्य असता वॉकर ह्यांची सूत्रे वर्षानुवर्षे पडताळण्यात आली. तेव्हा एक कटू गोष्ट दिसून आली. जे संबंध पूर्वी बळकट वाटत होते त्यांपैकी कित्येक पुढील वर्षांत ढिले पडले. दक्षिणी दोलन पाहून आपला पाऊस सांगावा, त्यापेक्षा आपला पाऊस पाहून पुढे दूरदेशी काय होईल हे सांगणे अधिक सोपे, असा विचार नॉर्मंड ह्यांनी पुढे मांडला. वॉकर ह्यांच्या शोधास आणखी एक उणीव होती. पारडी वरखाली होतात हे त्यांनी दाखविले; ती कोण हालवितो हे त्यांस सांगता आले नाही. त्यामुळे पुष्कळ विद्वानांनी त्यांचे काम आकड्यांचा खेळ म्हणून बाजूस ठेविले. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी, नव्वदाव्या वर्षी, ते इंग्लंडात मरण पावले, तेव्हा त्यांचा मुख्य हेतू निष्फळ झाला असेच शास्त्रज्ञांत मानले जात होते.

मनुष्य मरतो, परंतु प्रामाणिक श्रम मरत नाहीत. १९६९ साली अमेरिकेत राहणारे नॉर्वेचे शास्त्रज्ञ जेकब बियर्कनेस ह्यांनी पारडी हालविणारा हात दाखवून दिला. तो हात समुद्राचा होता, आणि समुद्रास बळ देणारा सूर्य. पॅसिफिक महासागरात पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे व्यापारी वारे सूर्याने तापलेले पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. त्यामुळे तिकडील समुद्राची पातळी पेरू देशाकडील पातळीहून सुमारे अर्धा मीटर उंच राहते, आणि पाणी सुमारे ८ अंशांनी अधिक उबदार असते. पेरूच्या किनाऱ्यापाशी खालचे थंड पाणी वर येते. पश्चिमेस हवा वर चढून पाऊस पाडते, उंचावरून पूर्वेस जाते, तेथे खाली उतरते व पुन्हा वारा होऊन पश्चिमेस येते. ह्या अवाढव्य रहाटास बियर्कनेस ह्यांनी वॉकर ह्यांचेच नाव दिले. कधी कधी व्यापारी वारे मंदावतात, उबदार पाणी पूर्वेकडे सरकते, आणि रहाटाची सर्व जागाच बदलते. अशा वर्षी आपल्याकडे पाऊस चुकण्याचा संभव वाढतो. पेरूच्या कोळ्यांनी ह्या उबदार पाण्यास फार पूर्वीच एल निनो म्हटले होते. त्यांच्या भाषेत ह्याचा अर्थ बाळ, आणि हे बाळ म्हणजे बाळ येशू. कारण ते पाणी नाताळच्या सुमारास दिसे.

आता मागे वळून पाहा. १८७७ चा दुष्काळ, १८९९ चा दुष्काळ, आणि ज्याच्या खडी फोडण्याच्या आठवणी आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत तो १९७२ चा दुष्काळ, ही तिन्ही एल निनोची वर्षे होती. २०१५ हेही तसेच वर्ष होते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, २०१६ साली, मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. परंतु १९९७ साली एल निनो अतिशय प्रबळ असूनही आपल्या देशात पाऊस सरासरीइतका झाला. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर ह्यांनी सोळा लक्षणांवर आधारलेले नवे सूत्र सहकाऱ्यांसह सिद्ध केले व ते १९८८ पासून वापरात आले. ते अनेक वर्षे ठीक चालले आणि २००२ साली मोठ्या दुष्काळाची चाहूल देण्यास चुकले. पुण्याच्या सिमला ऑफिसात आणि पाषाण येथील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, जी १९६२ साली स्थापन झाली, हा शोध पुढे चालू आहे.

ह्या चरित्रापासून आमच्या मंडळ्यांनी व विशेषतः उपदेशकांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट ही की, दुष्काळ पडला असता शेजाऱ्याचे पाप शोधू नये. पारडी पॅसिफिक महासागरात हालतात, आणि आपण दोष मात्र आपल्याच वेशीतील एखाद्या घरावर ठेवितो, हा केवढा अन्याय! ज्या गावाने सुवार्ता ऐकली त्याचे शेत व ज्याने नाकारली त्याचे शेत, दोहोंवर तेच ढग येतात व तेच ढग चुकतात. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात पित्याची निःपक्षपाती प्रीती समजावून देताना आमच्या प्रभूने नेमकी सूर्य व पाऊस ह्यांचीच उदाहरणे घेतली आहेत. आणि योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच नाकारून त्या मनुष्यास दृष्टी देण्याचे काम हाती घेतले.

येथे कोणी विचारील की, अहाब राजाच्या काळी एलीयाच्या द्वारे देवाने पापासाठीच पाऊस आवरला नव्हता काय? होय, शास्त्र तसे सांगते. परंतु ते एलीयास देवाने स्वतः प्रगट केले होते. ज्यास तसे प्रगटीकरण नाही त्याने एलीयाची भाषा बोलू नये. शिवाय त्या दुष्काळात एलीया परक्या देशातील एका विधवेच्या घरी गेला, आणि तिच्या घरचे पीठ व तेल सरले नाही, हेही विसरता कामा नये.

मनुष्याच्या हातून हवामानाचे काहीच बिघडत नाही, असे मात्र आम्ही म्हणत नाही. वॉकर ह्यांच्या काळी दिसत नसलेली एक गोष्ट आता मापनांनी सिद्ध झाली आहे. कोळसा व तेल जाळून मनुष्यजातीने हवेत जो वायू भरला, त्याच्या योगे सूर्याची उष्णता अधिक कोंडून राहते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपेक्षा पृथ्वी एक अंशाहून अधिक तापली आहे. हा दोष खरा आहे, पण तो कोणी कोणती उपासना करितो ह्याचा नव्हे. आणि त्याचे ओझे ज्यांनी सर्वांत थोडे जाळले त्या कोरडवाहू शेतकऱ्यांवर अधिक पडते, ही त्यातील दुःखाची गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट ही की, अंदाज हा भविष्यकथनाचा चमत्कार नव्हे, तसा तो थट्टेचा विषयही नव्हे. वॉकर ह्यांनी जितके ठाऊक तितकेच सांगितले व प्रत्येक जुळणीवर कडक कसोटी लाविली. पुण्याहून वा दिल्लीहून अंदाज येतो तेव्हा तो संभव सांगतो, वचन देत नाही. त्यावरून शहाण्या मनुष्याने योसेफाप्रमाणे तजवीज करावी. योसेफाने फारोच्या कोठारांत धान्य साठविले आणि ते मिसरी लोकांस व परदेशातून आलेल्या भुकेल्यांस खुले केले. कमी पावसाची सूचना असेल त्या वर्षी लवकर येणारे वाण निवडणे, बांधबंदिस्ती वेळेवर करणे, कडब्याची गंज जपणे, आणि मंडळीच्या वर्गणीतून थोडे धान्य गरिबांसाठी बाजूस ठेवणे, हे प्रार्थनेच्या विरुद्ध नाही. प्रार्थना करणाऱ्या हातांसच हे काम शोभते.

तेव्हा यंदा मृगाच्या आधी मंडळीत पावसासाठी प्रार्थना होईल, तीत आपल्याच शेतांचे नाव घेऊन थांबू नये. आपल्यास बोल लावणाऱ्या शेजाऱ्याच्या शेतासाठीही मागावे, कारण ढग एकच आहे. वेधशाळेत रात्रंदिवस नोंदी करणाऱ्यांची आठवण करावी. आणि पाऊस लांबलाच, व पारावर दोषी मनुष्याचा शोध सुरू झाला, तर आमच्या उपदेशकाने त्या घोळक्यात बसून शांतपणे सूर्याची, समुद्राची व वॉकरसाहेबांच्या तराजूची गोष्ट सांगावी, आणि मग उठून ज्याच्या घरी दाणा नाही त्याच्या घरी जावे.